वर्गणी मागताना जीभ अडते तेव्हा

समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला आलेली मुलंमुली वस्तीत जायला घाबरत नाहीत. उन्हातान्हात घरोघर सर्वेक्षण करतात, रात्रीच्या वर्गात शिकवतात, सरकारी दवाखान्याच्या रांगेत एखाद्या आजीबाईंबरोबर तासन्‌तास उभी राहतात. पण संस्थेतल्या ताई म्हणाल्या, ‘या महिन्यात दहा जणांना भेटून मदतीचं बोला’, की चेहरे उतरतात. कुणाला अचानक परीक्षा आठवते, कुणी म्हणतं मला हिशोबाचं काम द्या, कुणी यादीतल्या पहिल्याच नावापुढे ‘फोन लागत नाही’ असं लिहून मोकळं होतं.

गंमत म्हणजे यातली बरीचशी मुलं लहानपणी गणपतीची वर्गणी मागत दारोदार हिंडलेली असतात. तेव्हा जीभ अडली नव्हती. कारण बरोबर चार मित्र होते. हातात पावतीपुस्तक होतं. गेल्या वर्षी कुणी किती दिले ते तोंडपाठ होतं. कोणत्या तारखेपर्यंत जमवायचे ते ठरलेलं होतं. आणि पैशांचं पुढे काय झालं ते चौकातल्या मांडवात सगळ्यांना दिसणार होतं. सोबत, पावती, आकडा, मुदत आणि डोळ्यांना दिसणारं काम या पाच गोष्टी जवळ असल्या की मागणं जड जात नाही. संस्थेसाठी मागायला निघताना यातल्या दोन-तीन तरी हाताशी नसतात, आणि मन ते बरोबर ओळखतं.

तेव्हा संकोच वाटतो म्हणून स्वतःला भित्रं ठरवू नका. संकोच कुठे बोट ठेवतोय ते पाहा आणि तेवढी तयारी करा. बनारस हिंदू विद्यापीठात किंवा काशी विद्यापीठात शिकायला, नाहीतर वाराणसीतल्या एखाद्या संस्थेत उमेदवारी करायला गेलेल्या मराठी मुलांना समोर ठेवून हे लिहितो आहे. ज्या शहरात साक्षात विश्वनाथ अन्नपूर्णेच्या दारी भिक्षेला उभा असतो, त्या शहरात मागण्याचे धडे गिरवायला हरकत नसावी.

चार आण्यांची सुरुवात

वाराणसीत लक्सा भागात रामकृष्ण मिशनचं मोठं रुग्णालय आहे. त्याची सुरुवात १९०० साली झाली, तीही कुठल्याही भांडवलाशिवाय. काशीवास करायला आलेली, नातेवाइकांनी टाकलेली म्हातारी माणसं तेव्हा गल्ल्यांत आणि घाटांवर मरणाची वाट पाहत पडलेली असत. अशाच एका वृद्धेला पाहून यामिनीरंजन मजुमदार या तरुणाने एका वाटसरूकडे चार आणे मागितले आणि त्यातून तिच्या खाण्याची सोय केली. चारुचंद्र दास आणि केदारनाथ मौलिक हे मित्र त्याला येऊन मिळाले. एकेका रुग्णापासून वाढत गेलेलं हे काम १९०२ मध्ये रामकृष्ण मिशनकडे आलं.

विद्यार्थ्याने यातून दोन गोष्टी उचलाव्यात. पहिली, त्या तरुणाने ‘काशीतल्या निराधारांसाठी’ मागितलं नाही; समोर पडलेल्या एका बाईच्या आजच्या जेवणासाठी मागितलं. एवढं लहान आणि एवढं नेमकं मागताना फारशी लाज वाटत नाही, आणि देणाऱ्यालाही विचार करावा लागत नाही. दुसरी गोष्ट १९०२ मधली. स्वामी विवेकानंद तेव्हा काशीत होते आणि या तरुणांसाठी त्यांनी मदतीचं आवाहन लिहून दिलं. त्या आवाहनाबरोबर जोडलेला होता मागच्या वर्षाच्या कामाचा अहवाल. आधी काय केलं ते सांगायचं, मग मागायचं, असा तो क्रम. सव्वाशे वर्षांत त्यात सुधारणा करण्यासारखं काही सापडलेलं नाही.

लाज नेमकी कशाची?

‘आमच्या घरात कुणी कुणापुढे हात पसरला नाही’ हे वाक्य मध्यमवर्गीय मराठी घरांत फार ऐकू येतं. ते खरं असतंच असं नाही. दोन-तीन पिढ्या मागे जा, कुणीतरी वार लावून जेवलेलं निघेल, कुणी माधुकरी मागून शिकलेलं निघेल. सात घरी सात वार जेवून पोरं शिकली आणि पुढे वकील, मास्तर, मामलेदार झाली. त्यात कमीपणा नव्हता, कारण समाजाने तो रिवाज मान्य केलेला होता. अर्थात हा रिवाज मुख्यतः ब्राह्मण मुलांपुरताच होता. ज्यांना कुणी वार देणार नव्हतं त्यांच्यासाठी कर्मवीर भाऊराव पाटलांनी वेगळी वाट काढली. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केल्यावर त्यांनी घराघरांतून मूठमूठ धान्य मागितलं, तोच मुष्टिफंड. त्या धान्यावर सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवली. जात्यावर बसलेल्या बाईने दळणातलं मूठभर बाजूला काढायचं, एवढंच मागणं होतं. ते तिला परवडणारं होतं आणि देताना तीही शाळेची भागीदार होत होती.

काशीतलाच एक मराठी विद्यार्थी घ्या. १९१६ च्या मार्चमध्ये वीस वर्षांचा विनायक भावे इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाला, सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला. इथल्या अन्नछत्रात दुपारचं जेवण मिळे, वर दोन पैसे दक्षिणा. त्या दोन पैशांत त्याची रात्रीची भूक भागे. बनारस हिंदू विद्यापीठाच्या समारंभात फेब्रुवारीत गांधीजींचं जे भाषण गाजलं होतं त्याची चर्चा त्याने इथे ऐकली, गांधीजींना पत्र लिहिलं आणि जूनमध्ये त्यांच्या आश्रमात दाखल झाला. हेच पुढचे विनोबा. ज्यांनी विद्यार्थीदशेत छत्रातलं अन्न घेतलं, त्यांनीच पंचावन्न-साठीच्या वयात देशभर पायी फिरून लोकांकडे जमीन मागितली. ज्याच्या घरी पाच मुलगे, त्याने मला सहावा समजून माझा वाटा द्यावा, असं ते म्हणत. घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नव्हता, म्हणून मागण्यातही वाटला नाही.

हे तुमच्या बाबतीत करून पाहा. तुमच्या शिक्षणात किती जणांचं देणं आहे, याची एकदा यादी काढा. सरकारी शाळा, शिष्यवृत्ती, वसतिगृह, मावशीकडे काढलेली दोन वर्षं, एखाद्या मास्तरांनी न घेतलेली फी. यादी संपेपर्यंत ‘आम्ही कुणाचं काही घेतलं नाही’ हा समज गळून पडतो आणि त्याबरोबर निम्मी लाजही.

आकडा तोंडावर हवा

१८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांनी दलित कुटुंबांना विचारलं, तुमची गरज काय? त्यांनी सांगितलं, ऐंशी एकर. चाळीस ओलिताची, चाळीस कोरडवाहू. विनोबांनी तेवढंच गावापुढे ठेवलं आणि रामचंद्र रेड्डी उठून म्हणाले, मी शंभर एकर देतो. ‘गरिबांना जमीन द्या’ एवढंच म्हटलं असतं तर सभा मान डोलावून उठली असती. ऐंशी हा आकडा पुढे होता म्हणून कुणाला तरी शंभर सुचले. आणि हा आकडा विनोबांनी घरी बसून काढलेला नव्हता. ज्यांना जमीन हवी होती त्यांनीच तो सांगितला होता.

तुमच्याकडे असा आकडा हवा. समजा, तुमची संस्था पीली कोठीच्या विणकर वस्तीत तीस मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवते. महिन्याचा खर्च असा मांडा: शिक्षिकेचं मानधन ८,०००, खोलीचं भाडं ३,०००, वह्या-पुस्तकं २,५००, मुलांचा खाऊ ७,५००, हिशोब आणि कार्यालयीन खर्च ३,०००. एकूण २४,०००. म्हणजे एका मुलामागे महिन्याला ८०० आणि वर्षाला ९,६०० रुपये. आता मागायला तीन आकडे हाती आले: एका मुलाचं वर्ष, एका मुलाचा महिना आणि खाऊचा एक दिवस.

शेवटच्या तीन हजारांना लपवू नका. ‘आमचा सगळाच्या सगळा पैसा मुलांपर्यंत जातो’ असं सांगण्याचा मोह नवख्यांना होतो. हिशोबनीस, लेखापरीक्षण, वीज, प्रवास यांना पैसे लागतातच, आणि हे व्यापाऱ्याला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. न सांगितलेला खर्च पुढे विचारला गेला की ततपप होते. आधीच सांगितला की विश्वास बसतो.

मग वर्षाचे २,८८,००० कसे जमणार त्याचा कच्चा आराखडा करा. दहा जणांनी एकेका मुलाचं वर्ष उचललं तर ९६,०००. तीस जणांनी महिन्याला ४०० दिले तर १,४४,०००. उरले ४८,०००, ते सणावारी मिळणाऱ्या एकरकमी देणग्यांतून. आता तुमच्यापुढे तीन लाखांचा डोंगर राहत नाही. चाळीस माणसांची यादी राहते.

कुणाकडे आणि केव्हा

बनारस हिंदू विद्यापीठासाठी निधी उभारणारे मदनमोहन मालवीय म्हटलं की निजामाच्या जोड्याचा किस्सा हमखास निघतो. निजामाने हिणवून जोडा दिला आणि पंडितजींनी त्याचाच लिलाव मांडला, असा तो ऐकीव किस्सा आहे. ऐकायला झकास, पण निधी उभारणाऱ्याने त्यातून काही शिकण्यासारखं नाही. खरं काम बरंच कंटाळवाणं होतं. विद्यापीठाची कल्पना १९०४ च्या सुमारास काशीनरेशांच्या अध्यक्षतेखालच्या सभेत मांडली गेली. मालवीयांनी अलाहाबादची चालती वकिली बाजूला ठेवली, अ‍ॅनी बेझंट आणि दरभंग्याचे महाराज यांच्याशी जुळवून घेतलं, त्यासाठी संस्था नोंदवली, गावोगाव दौरे केले. कायदा झाला १९१५ मध्ये आणि ४ फेब्रुवारी १९१६ ला कोनशिला बसली. बारा वर्षं लागली, आणि या वर्षांतला बहुतेक वेळ याद्या करण्यात, पत्रं लिहिण्यात आणि पुन्हा पुन्हा भेटण्यात गेला.

तुमची यादीही आतून बाहेर वाढवा. आधी जे तुम्हाला ओळखतात: आईवडील, काका-मावश्या, शाळेतले शिक्षक, आधीच्या बॅचचे विद्यार्थी. मग ज्यांचा कामाशी संबंध आहे: विणकर मुलांसाठी कुंजगलीतले साडीचे व्यापारी, आरोग्याच्या कामासाठी डॉक्टर, वाचनालयासाठी निवृत्त प्राध्यापक. काशीतली जुनी मराठी घरं पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूला आहेत. तिथे जाताना मराठीचा उपयोग ओळखीपुरता करा, मागणं कामाच्या जोरावर करा. कंपन्यांचा सीएसआर निधी सर्वांत शेवटी. २०१३ च्या कायद्याने ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते हे खरं, पण त्यासाठी संस्थेची वेगळी नोंदणी आणि लेखी प्रस्ताव लागतो. तो विद्यार्थ्याने एकट्याने करायचा उद्योग नव्हे.

वेळही पाहा. दुकान उघडताच, भवानी व्हायच्या आत पैसे मागायला जाऊ नका. बनारसचा व्यापारी याबाबतीत पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याइतकाच हळवा आहे. गद्दीवर दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा जा. पितृपक्षात आणि संक्रांतीला अन्नदानाकडे ओढा असतो, तेव्हा खाऊच्या खर्चाचं बोला. कार्तिकात शहर गजबजलेलं असतं आणि हातही सैल असतो. मार्चमध्ये नोकरदार करबचतीच्या विचारात असतात. जूनमध्ये पालक स्वतःच्याच मुलांच्या फीने बेजार असतात, तेव्हा थांबा.

बोलायचं कसं

पहिल्या भेटीत एकट्याने जाऊ नका. दोघं जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने टिपून घ्यायचं. शक्य असेल तर बरोबरचा माणूस वस्तीतला असू द्या. वर्गात शिकून पुढे कॉलेजला गेलेली मुलगी बरोबर असेल तर तुम्हाला फार बोलावंच लागणार नाही. मात्र तिची इच्छा असेल तरच तिला न्या, आणि तिने बोलायचं ते कामाविषयी. घरच्या दुःखाविषयी नव्हे.

भेटीआधी फोन करून येण्याचं कारण स्पष्ट सांगा. ‘सहज भेटायला येतो’ म्हणून जायचं आणि निघताना पावतीपुस्तक काढायचं, हा प्रकार समोरच्याला फसवल्यासारखा वाटतो, आणि तुम्हालाही आतून खात राहतो. संकोचाचा मोठा भाग या लपवाछपवीतून येतो. हेतू पहिल्याच वाक्यात उघडा केला की पुढचं बोलणं मोकळं होतं.

समजा, कुंजगलीत एका गद्दीवर बसलात. पाणी आलं, चहा आला. बनारसमध्ये तो नाकारू नये. मग अवांतर न बोलता:

“भाईसाहब, मी पीली कोठीच्या अभ्यासवर्गात शिकवते. तुमच्याकडे ज्या वस्तीतून माल येतो, तिथलीच तीस मुलं रोज संध्याकाळी येतात. मागच्या वर्षी यातली पाच मुलं शाळा सोडून करघ्यावर बसणार होती, ती आज आठवीत आहेत. एका मुलाचा वर्षाचा खर्च नऊ हजार सहाशे आहे. आपण एका मुलाचं वर्ष उचलाल का, हे विचारायला आले आहे.”

आणि इथे थांबायचं. विचारून झाल्यावरची ही शांतता नवख्यांना सोसत नाही. मग ते स्वतःच भाव पाडतात: ‘म्हणजे तेवढे नसतील तर पाचशे चालतील, शंभरही चालतील, नाही दिलेत तरी चालेल.’ समोरचा माणूस मनात हिशोब करत असतो. त्याला तो करू द्या. बनारसी माणूस असेल तर पान जमवता जमवता करेल.

तो म्हणाला, “अभी तो मंदी चल रही है, बिटिया,” तर वाद घालू नका. मंदी खरीच असू शकते. “मग महिन्याला चारशे, जमेल तितके महिने, असं चालेल का?” असं एकदाच विचारा. तरी नाही म्हणाला तर आभार माना आणि एक गोष्ट मागून घ्या, पैशाखेरीजची: “एखाद्या संध्याकाळी वर्ग बघायला याल का?” वर्ग पाहून गेलेला माणूस पुढच्या वर्षी वेगळं बोलतो.

वरचं बोलणं घोकून म्हणू नका, पण मैत्रिणीसमोर दोन-चारदा मोठ्याने बोलून पाहा. मराठी माणसाचं हिंदी पैशाच्या विषयावर येताच अडखळतं. आकडे हिंदीत म्हणायचा सराव मुद्दाम करा. घरच्यांना मागताना मात्र आडपडदा नको. “काका, मला तुमच्याकडून कामासाठी पैसे हवेत, दहा मिनिटं ऐकता का?” एवढं पुरे. काकांना भाचीपुतण्यांच्या कामात रस असतो. त्यांना राग येतो तो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर सगळ्यांबरोबर लिंक टाकून मोकळं होण्याचा.

नकाराचं काय करायचं

प्रत्येक होकारामागे दोन-तीन नकार धरूनच यादी करा. चाळीस दाते हवे असतील तर दीडशे नावं लिहा. नकार मोजून ठेवले की त्यांची धार जाते. त्यातला कुठला तुमच्यासाठी आहे आणि कुठला परिस्थितीसाठी, हेही कळतं.

नकार साधारण चार तऱ्हांचे. ‘आत्ता नाही’ म्हणजे तारीख विचारून वहीत नोंदवा. ‘एवढे नाही’ म्हणजे लहान आकडा सांगा. ‘या कामाला नाही, मी गोशाळेला देतो’ म्हणजे आदराने निरोप घ्या, आपल्या कामाची महती त्याच्या कामाशी तोलू नका. ‘तुमच्या संस्थांवर विश्वासच नाही’ हा चौथा नकार सर्वांत मोलाचा. त्याने हिशोब मागितला तर जरूर द्या, कारण त्याच्या मनात जे आहे ते इतर अनेकांच्या मनात असतं आणि ते बोलत नाहीत.

चिकाटीचं उदाहरण हवं तर धोंडो केशव कर्वे घ्या. ते काही फर्डे वक्ते नव्हते. हिंगण्याच्या आश्रमासाठी ते वर्षानुवर्षं लहानलहान रकमा गोळा करत राहिले. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं आणि १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी देऊन आपल्या आईचं नाव विद्यापीठाला दिलं. ही मोठी देणगी येण्याआधी आश्रमाच्या कामाला वीसहून अधिक वर्षं झालेली होती, हे लक्षात ठेवावं. सत्तरी ओलांडल्यावरही कर्वे विद्यापीठाचं काम सांगत आणि मदत जमवत युरोप, अमेरिका, आफ्रिका फिरून आले.

पावती, खातं आणि कायदा

इथे ढिलाई नको. पहिला नियम: संस्थेसाठीचा एकही रुपया स्वतःच्या यूपीआय खात्यावर घ्यायचा नाही. ‘नंतर वळता करतो’ या सोयीतूनच गैरसमज सुरू होतात. क्यूआर कोड संस्थेचा, पावती संस्थेची, सही अधिकृत माणसाची.

दुसरा: आयकराच्या ‘८० जी’ सवलतीबद्दल अर्धवट बोलू नका. संस्थेकडे ती नोंदणी चालू आहे का, हे आधी कार्यालयात पाहा. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर ही सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्या दात्यालाही मिळत नाही. दात्याचा पॅन क्रमांक आणि पत्ता नीट उतरवून घ्या, नाहीतर प्रमाणपत्र अडतं.

तिसरा: अमेरिकेतल्या चुलतभावाला लिंक पाठवण्याआधी थांबा. परदेशी नागरिकाकडून, मग तो जन्माने मराठी असला आणि त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरीही, देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे त्यात मोडत नाहीत. तेव्हा भावाला आधी पासपोर्ट कोणता ते विचारा.

चौथा नियम तुमच्या स्वतःच्या बचावासाठी. उमेदवारीच्या नावाखाली विद्यार्थ्यांना फक्त पैसे गोळा करायला लावणाऱ्या, ठरावीक रक्कम जमवली तरच प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थाही आहेत. कामाची जागा दाखवायला टाळाटाळ होत असेल, लेखापरीक्षित हिशोब मागितल्यावर उडवाउडवी होत असेल, गोळा केलेल्या रकमेवर टक्केवारी देऊ केली जात असेल, तर तिथून निघा. अशा ठिकाणी वाटणारा संकोच अगदी बरोबर असतो.

हा संकोच मात्र जपा

सगळाच संकोच घालवायचा नसतो. उघड्यानागड्या, रडक्या मुलाचा फोटो पत्रकावर छापताना हात अडखळला तर तो अडखळू द्या. त्या मुलाची आई ते पत्रक पाहील तेव्हा तिला काय वाटेल, हीच कसोटी. संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेच मनाई आहे.

देणाऱ्याबद्दलही हाच विवेक हवा. विणकरांना तुटपुंजी मजुरी देणारा गद्दीवाला त्यांच्याच मुलांच्या वर्गाला देणगी देऊ लागला तर घ्यावी का? याला एकच उत्तर नाही. पण ते उत्तर विद्यार्थ्याने दुकानात बसून एकट्याने देऊ नये. संस्थेत चर्चा व्हावी, वस्तीतल्या लोकांचं मत घ्यावं. घ्यायचं ठरलं तरी एक अट पाळावी: देणगीच्या बदल्यात मजुरीच्या प्रश्नावर तोंड बंद ठेवायचं नाही.

पैसे आल्यानंतर

विनोबांच्या भूदान चळवळीत चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन लोकांनी देऊ केली. पण त्यातला मोठा हिस्सा पुढे वाटलाच गेला नाही. कुठे जमीन नापीक, कुठे वादातली, कुठे कागद झालेच नाहीत. मागणारा विनोबांसारखा असूनही पुढची व्यवस्था अपुरी पडली की काय होतं, ते यातून दिसतं.

तेव्हा पावती त्याच दिवशी द्या. आठवड्यात दोन ओळींचं आभाराचं पत्र पाठवा, शक्यतो हाताने लिहिलेलं. तीन महिन्यांनी एका पानाचा अहवाल: किती आले, कशावर गेले, काय जमलं, काय जमलं नाही. न जमलेलंही लिहा. दोन मुलं वर्ग सोडून गेली असतील तर तसं लिहा. दात्याला यश विकत घ्यायचं नसतं, त्याला खरं कळायला हवं असतं. वर्षाच्या शेवटी पुन्हा मागायला जाल तेव्हा हाच कागद तुमच्या हातात असेल, आणि त्या वेळी जीभ अडणार नाही.

पहिल्या पंधरवड्यात

मागण्याआधी स्वतः द्या, खिशाला झेपेल तेवढे, शंभर रुपये का असेनात. आणि त्याची रीतसर पावती घ्या. मग संस्थेचा गेल्या वर्षीचा हिशोब मागून वाचा आणि न कळलेलं विचारा. एका मुलाचा, एका रुग्णाचा, एका दिवसाचा खर्च काढा. दीडशे नावांची यादी सुरू करा. पहिल्या दिवशी वीस झाली तरी पुष्कळ. त्यातली सर्वांत जवळची तीन माणसं निवडा, फोन करून वेळ घ्या, जोडीदार ठरवा आणि पंधरवड्याच्या आत तिन्ही भेटी उरका. तिघांपैकी एकाने जरी दिलं तरी गणपतीच्या मंडळासारखी तुमचीही पुढच्या वर्षाची यादी सुरू झाली. दोघांनी नाही म्हटलं असेल, त्यांच्या नावापुढे कारण आणि तारीख लिहा आणि चौथ्याला फोन लावा.